सतरा नंबरची ब्युरेट

टेबलावर सहा फायली होत्या, पाण्याच्या सहा बाटल्या होत्या, आणि एका बशीत अकरा वितुंबुवा, सकाळीच तळलेले, गोड, तेलाने चमकणारे. टेबलाच्या पलीकडे सहा खुर्च्या, सहाही गादीच्या. अलीकडे एक, लाकडी, मागचा डावा पाय आखूड. छताला पंखे तीन. फिरत होता एक, तोही पलीकडच्यांच्या डोक्यावर. भिंतीवर घड्याळं दोन. एक बंद, दुसरं सात मिनिटं पुढे.

नामुकोलो सितालीने एवढं मोजून घेतलं आणि ती बसली. खुर्ची मागे कलंडली. विद्यार्थी संघटनेचा प्रतिनिधी, जो नियमाप्रमाणे तिच्या बाजूचा होता, तोंडात अर्धा वितुंबुवा धरून फिसकन हसला.

"खुर्चीलासुद्धा तुझा भरवसा नाही," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्ष प्रा. काबास्वे खाणींच्या सर्वेक्षणाचे प्राध्यापक होते. आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून त्यांचा डावा डोळा कायमचा अर्धा मिटलेला राहिला होता, त्यामुळे ते समोरच्यावर नेम धरून बोलत आहेत असं वाटे. त्यांच्या उजवीकडे कायदा शिकवणाऱ्या मिसेस न्जोव्हू. डावीकडे डॉ. सिम्पासा, रसायनशास्त्राचे परीक्षक. तक्रार सिम्पासांची होती आणि खुर्चीही त्यांना गादीची होती. उरलेल्यांत तो प्रतिनिधी, टिपणं घेणारी सचिव, आणि कुलसचिवांच्या कचेरीतले एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

सचिवेने आरोप वाचला. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत टायट्रेशनचा प्रश्न होता, एका द्रावात दुसरं थेंबथेंब सोडून किती लागतं ते मोजायचं. चोवीस विद्यार्थी सकाळी बसले, चोवीस दुपारी. आम्ल एकाच मोठ्या कॅनमधलं, अल्कली एकाच बाटलीतून. शेहेचाळीस जणांचं उत्तर २४.४ आणि २४.८ मिलिलीटरच्या मध्ये आलं. दोघांचं आलं २३.०. त्या दोघांतला एक सकाळी सतरा नंबरच्या जागेवर बसला होता, दुसरी दुपारी, त्याच सतरा नंबरच्या जागेवर.

"दुसरी म्हणजे तू," काबास्वे म्हणाले. "आरोप मान्य?"

"नाही सर."

"वा." त्यांनी फाइल मिटली. "मग लांबणार म्हणजे."

पत्रावर तारीख मंगळवारची होती. ते तिच्या वसतिगृहाच्या दाराखालून आत आलं शुक्रवारी संध्याकाळी. सुनावणी सोमवारी साडेनऊला. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की सुनावणीआधी जो लेखी कबुली देईल त्याच्याबाबत समिती सौम्य विचार करेल. जो देणार नाही त्याच्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. विद्यापीठातून काढून टाकायचं, आणि नाव बाकीच्या विद्यापीठांना कळवायचं. पदवी सात आठवड्यांवर आली होती. सोमवारी या खोलीतून ती एक तर रसायनशास्त्राची पदवीधर होण्यासाठी बाहेर पडणार होती, नाही तर घरी, मोंगूला जाणाऱ्या बसमध्ये बसण्यासाठी.

"सकाळच्या मुलाने शनिवारीच कबुली दिली," मिसेस न्जोव्हू म्हणाल्या. त्यांचा आवाज थंड आणि स्वच्छ होता. "चोल्वे हाचिपुका. तुम्ही ओळखता त्याला, मिस सिताली?"

"चार वर्षं एका वर्गात आहोत."

"नुसतं एका वर्गात? लोक तर म्हणतात तुमची खूप थट्टामस्करी चालते."

"तो टोंगा आहे, मी लोझी. आमच्या दोन जमातींत थट्टेचं नातंच असतं. थट्टा नाही केली तर लोक विचारतील, भांडण झालं का म्हणून."

प्रतिनिधी पुन्हा हसला. मिसेस न्जोव्हूंनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो गिळायला लागला.

"वाचते," त्या म्हणाल्या. "'मी सकाळच्या सत्रात माझी तीन रीडिंग बाकाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवली, म्हणजे दुपारी सिताली हिला ती मिळावीत. मला याचा पश्चात्ताप होतो.' खाली सही. आता बोला."

चोल्वेने काहीतरी लिहून दिलंय एवढं तिच्या कानावर आलं होतं. काय लिहून दिलंय ते ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या मानेवर घाम आला आणि तिथेच थांबला, कारण त्याला वाळवायला वारा नव्हता.

"बाक कुणी पाहिला का?" तिने विचारलं.

"काय?"

"बाकावरची पेन्सिल. कुणी पाहिली?"

"तू पुसली असणार," सिम्पासा म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलले. त्यांच्या खिशाला चार पेनं होती, चारही लाल.

"म्हणजे पेन्सिल दिसली तर मी चोर, आणि नाही दिसली तर मी पुसणारी चोर."

"जीभ सांभाळ."

"सर, मी एक विचारू? तुम्हाला. रसायनशास्त्राचं."

"परीक्षा झाली. आता प्रश्न आम्ही विचारतो."

"चोल्वेचं उत्तर चुकीचं का आलं?"

सिम्पासांनी खांदे उडवले. "निष्काळजी आहे तो. थेंब सोडताना लक्ष नाही, रीडिंग घेताना मान वाकडी. मी चार वर्षं पाहतोय."

"निष्काळजी माणसाची तीन रीडिंग तीन ठिकाणी जातात, सर. त्याची आहेत २२.९५, २३.००, २३.००. माझी २३.००, २२.९५, २३.००. इतकी नीट चूक कुणी निष्काळजीपणे करत नाही."

"म्हणूनच तर म्हणतोय तू उतरवलीस!"

"माझी उतरवलेली धरा हवं तर. त्याची कुठून आली?"

काबास्वेंनी उघडा डोळा सिम्पासांकडे वळवला.

"डॉक्टर, मुलीने तुम्हाला काहीतरी विचारलंय."

"सर, चोर पकडला गेला की असंच करतो. दुसऱ्या चोराकडे बोट."

"ते झालं. पण पहिल्याचा आकडा आला कुठून?"

"मी सांगितलं ना, निष्काळजीपणा," सिम्पासा म्हणाले, आणि त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

तिने श्वास घेतला. शुक्रवारची आणि शनिवारची रात्र हेच केलं होतं तिने, एकेक गोष्ट उचलून बाजूला ठेवली होती. आम्ल सगळ्यांचं एकच, म्हणून ते गेलं. अल्कली एकच, तेही गेलं. पिपेटा ट्रेमध्ये होत्या, ज्याच्या हाताला जी येईल ती, म्हणून तिची आणि चोल्वेची पिपेट एकच असायचं काही कारण नव्हतं. फ्लास्क कुठलाही चालतो. जागेला बांधलेली वस्तू एकच होती. स्टँडला अडकवलेली, मापाच्या रेघा असलेली काचेची नळी, चिकटपट्टीवर नंबर घातलेली, सकाळी चोल्वेने वापरलेली आणि दुपारी तिने.

"ब्युरेट चुकीची आहे," ती म्हणाली. "सतरा नंबरची. तिच्यातून पंचवीस मिलिलीटर पाणी सोडा आणि तोला. आजच्या हवेत पंचवीस मिलिलीटरचं वजन जवळजवळ २४.९ ग्राम भरायला हवं. ब्युरेट बरोबर निघाली तर मी स्वतः कबुली लिहून देते."

"ब्युरेट!" सिम्पासा हसले. "सर, पंचवीस वर्षं मी शिकवतोय. नाचता येत नाही तेव्हा काय वाकडं असतं ते मला माहीत आहे."

"ती परीक्षेच्या कपाटात आहे, तुमच्या सहीच्या सीलखाली. त्यामुळे मी तिला हात लावलेला नाही हेही तुम्हीच सांगू शकता."

"ही प्रयोगशाळा नाही, मिस सिताली," मिसेस न्जोव्हू म्हणाल्या. "ही शिस्तपालन समिती आहे. आमच्यासमोर लेखी कबुली आहे. समिती स्वतः पुरावे तयार करत फिरत नाही."

"कलम सहा, उपकलम तीन. आरोपी विद्यार्थी कोणतीही वस्तू पुरावा म्हणून मागवू शकतो."

"नियमावली पाठ केलीत वाटतं. अभ्यासही असाच केला असता तर बरं झालं असतं."

"केला होता, मॅडम. म्हणून तर तीन रीडिंग जुळली."

काबास्वेंनी टेबलावर पेन आपटलं. "बाहेर थांब. आम्ही बोलतो."

"सर, वीज बारापर्यंतच आहे आज. मग एकदम संध्याकाळी सहाला येईल. वजनकाटा विजेवर चालतो."

"मला वेळापत्रक शिकवू नकोस. बाहेर."

*

व्हरांड्यात चोल्वे बसला होता, साक्षीला बोलावलेला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बापाचा टाय, आणि टायची गाठ कानाखाली सरकलेली. बाहेर जकरांडाची झाडं फुलांनी जांभळी झाली होती, आणि ऑक्टोबरचं ऊन त्यांच्यातून भट्टीसारखं आत येत होतं.

"काय गं मासेखाऊ," तो म्हणाला, "तळून झाली का?"

एरवी ती म्हणाली असती, तुमच्याकडे तळायला तेल कुठंय, गाईच्या शेपटीला हात पुसून जेवता तुम्ही. चार वर्षं हेच चाललं होतं. त्याच्या आजोबांच्या मयतालासुद्धा तिने जाऊन, रडणाऱ्यांच्या देखत, म्हातारा एकदाचा गाईंना सुट्टी देऊन गेला असं म्हटलं होतं, आणि त्याची आई रडता रडता हसली होती. आज तिने ते म्हटलं नाही.

"बाकावर पेन्सिलीने लिहिलंस?"

त्याने खाली पाहिलं.

"विचारतेय मी. लिहिलंस?"

"त्यांना जे वाचायचं होतं ते लिहून दिलं. हळू बोल."

"म्हणजे नाही लिहिलंस."

"सिम्पासाने बोलावलं शनिवारी. म्हणाला, दोघांतला एक जरी शहाणा निघाला तरी एक वाचेल. एक सत्र घरी बसायचं, बास. मार्चमध्ये परत." त्याने टायची गाठ मधे ओढली, ती पुन्हा सरकली. "तुलाही सांगणार होतो. तू फोन उचलला नाहीस."

"मी प्रयोगशाळेत सीलबंद कपाटासमोर उभी होते, किल्ल्या सांभाळणाऱ्या बाशी-कोंडेंच्या पाया पडत."

"मग अजूनही लिहून दे. दोघं जाऊ घरी, दोघं येऊ परत. त्यात काय एवढं?"

"मी काही केलं नाही, चोल्वे."

"मी तरी काय केलं होतं?"

हे बोलून तो स्वतःच दचकला. दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हेच आत बोल," ती म्हणाली. "एवढंच. आत्ता."

"वेडी आहेस? समितीला खोटं लिहून दिलं, कलम अकरा. सौम्य-बिम्य काही नाही, सरळ बाहेर. मी आत जाऊन सांगू की माझी सही खोटी आहे? का? तू वाचावीस म्हणून?" त्याचा आवाज चिरका झाला. "तुझ्या लग्नाला आम्ही गाय कापायची, ती कापू. पण माझी मान कशाला मागतेस?"

"मान तू माझी दिलीस. शनिवारी. सही करून."

"आणि त्या ब्युरेटीचं काढलंस ना तू आत? ऐकू आलं इथपर्यंत. ती खरोखर चुकीची निघाली तर माझं काय होईल, विचार केलास?"

तिने केला होता. व्हरांड्याच्या पायरीपासून दारापर्यंत फरशा चौदा होत्या, आणि तिने तो विचार चौदा वेळा केला होता, येता-जाता.

"तुझा आकडा बरोबर होता," ती म्हणाली. "तू बरोबर वाचला होतास. तुला तरी ते माहीत होतं ना? मग कशाला?"

"मला वाटलं चुकलो असेन. माझं नेहमीच चुकतं." तो भिंतीकडे तोंड करून बसला. "जा. त्या टेबलाशी बोल. माझ्याशी बोलू नकोस आता."

दार उघडलं. सचिवेने फक्त बोटाने खूण केली.

*

अटी काबास्वेंनी उभ्याउभ्याच सांगितल्या. घड्याळात अकरा वाजून सोळा झाले होते, म्हणजे अकरा वाजून नऊ.

"मिसेस न्जोव्हूंचा विरोध नोंदवला आहे. डॉक्टर सिम्पासांचाही. मीही या प्रकाराला पोरखेळ म्हणतो, तेही लिहा. पण मी माझ्या आयुष्यात एका माणसाच्या शब्दावर बोगदा खणला नाही. मोजून खणला. तेव्हा मोजू." त्यांनी अर्धा मिटलेला डोळा तिच्यावर रोखला. "आणि मोजल्यावर रडायचं नाही. लिहा सचिवबाई. सतरा नंबरच्या ब्युरेटीतून पंचवीस मिलिलीटर पाण्याचं वजन २४.८ आणि २५.० च्या मध्ये आलं, तर ही विद्यार्थिनी आजपासून या विद्यापीठाची नाही, आणि अपील करणार नाही. बाहेर आलं, तर आरोप मागे. दोन्हीकडे आजच सही."

"समितीला असं स्वतःला बांधून घेता येत नाही," मिसेस न्जोव्हू म्हणाल्या.

"मी बांधून घेतलं."

"आणि आकडा बाहेर गेला तर त्या मुलाच्या कबुलीचं काय? तो खोटं बोलला असं होईल."

"आधी आकडा येऊ द्या. मग त्याचं बघू."

नामुकोलोने सही केली. अपील करणार नाही, हे शब्द तिने दोनदा वाचले आणि मग केली.

सगळे प्रयोगशाळेकडे निघाले. मधलं पटांगण तापलं होतं. सिम्पासा तिच्या जवळून चालत होते, आणि चेहरा न वळवता, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "मी परीक्षक असलेल्या कुठल्याच विद्यापीठात तुला पुढे शिकता येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आकडा काहीही येवो."

"हे पण लिहून घ्यायला सांगू का सचिवबाईंना?"

ते पुढे निघून गेले.

प्रयोगशाळा बाशी-कोंडेंची होती. कागदावर ते नुसते तंत्रसहाय्यक, पण कोंडेचा बाप म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, आणि प्राध्यापकसुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय कपाट उघडत नसत. खाकी डगला, कडक इस्त्री, गळ्यात दोरीला किल्ल्या. शनिवारी ती त्यांच्यापुढे हात जोडून उभी होती तेव्हा ते म्हणाले होते, सील डॉक्टरांच्या सहीचं आहे, माझ्या नाही, घरी जा पोरी. आज ते पोरी म्हणाले नाहीत.

"हीच का ती? माझ्या काचेवर आळ घेणारी?"

"तुमच्यावर नाही, बाशी-कोंडे. ब्युरेटीवर."

"इथली काच म्हणजे मीच. सव्वीस वर्षं झाली. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून धुतोय मी ती."

"उघडा," काबास्वे म्हणाले.

सिम्पासांनी स्वतःची सही तपासली, कागद फाडला. आत चोवीस ब्युरेटा उभ्या होत्या, चिकटपट्टीवर नंबर घालून. बाशी-कोंडेंनी सतरावी काढून, जणू लेकरू उचलावं तशी दोन्ही हातांनी काबास्वेंकडे दिली. काबास्वेंनी ती उजेडात धरली, आणि रेघांवरून नख फिरवलं. नख अडखळलं.

"हे छापलेलं नाही."

"नाही, सर. मी काढलंय."

"तुम्ही?"

बाशी-कोंडे ताठ झाले. ही गोष्ट कुणीतरी कधीतरी विचारावी अशी त्यांची जुनी इच्छा असावी, कारण ते न थांबता बोलू लागले. पहिल्या वर्षाच्या पोरांनी ही ब्युरेट कॉस्टिक सोड्यात आठवडाभर बुडवून ठेवली होती. सगळ्या रेघा निघून गेल्या, नुसती नळी उरली. नवीन मागवायला दोनदा अर्ज लिहिला. पहिल्याचं उत्तर आलं नाही, दुसऱ्याचं आलं की पहिल्याचा विचार चालू आहे. ब्युरेट टाकून दिली तर तेविसावरच परीक्षा घ्यावी लागते, आणि एक पोरगं उभं राहतं. मग त्यांनी कागदाची पट्टी घेतली, ती अठरा नंबरच्या ब्युरेटीला गुंडाळली, एकेक रेघ सुईने टोचून घेतली, आणि पट्टी सतरावर चढवून काळ्या रंगाने सगळ्या रेघा परत काढल्या. शून्यापासून पन्नासपर्यंत. पाच दिवस लागले.

"एक रेघ हललेली नाही, सर. लावून बघा अठराला. केसाचा फरक निघाला तर माझं नाव बदला."

काबास्वेंनी अठरावी मागितली आणि दोन्ही शेजारी धरल्या. रेघेला रेघ लागत होती.

"बघा," सिम्पासा म्हणाले. "तंतोतंत. आता तरी हे थांबवा, सर."

नामुकोलोने पुढे वाकून दोन्ही नळ्यांची जाडी पाहिली. मग तिने विचारलं, "बाशी-कोंडे, पट्टी अठरावर नीट बसली होती?"

"न बसायला काय झालं? कडेला कड भिडली होती."

"आणि सतरावर?"

"सतरावर जरा फट राहिली मधे. तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढं चालतं, मी तिथे रंग लावताना हात सांभाळला."

ते अभिमानाने बोलून गेले, आणि मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. काबास्वे दोन्ही नळ्यांच्या तोंडांकडे बघत होते, एकदा या डोळ्याने, एकदा त्या. रेघा त्याच होत्या, पण सतराचं तोंड किंचित रुंद होतं, म्हणजे दोन रेघांमध्ये पाणी जास्त मावणार.

"दोन्ही पन्नासच्याच आहेत, सर," बाशी-कोंडे जरा हळू म्हणाले. "कंपनी वेगळी आहे फक्त."

"भरा," काबास्वे म्हणाले.

"आधी दुसरी कुठलीतरी," सिम्पासा घाईने म्हणाले. "काटा बरोबर आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. आणि मी मोजणार. ही मुलगी हात लावणार नाही."

"तुम्हीच मोजा, सर," ती म्हणाली. "मला तेच हवंय."

तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. मिसेस न्जोव्हूंनी मोबाइलवर वेळ पाहिली. अकरा चाळीस.

सिम्पासांनी सोळा नंबरची ब्युरेट घेतली. मोजायला लागल्यावर ते वेगळेच झाले. रागाचा माणूस बाजूला राहिला आणि हात काम करायला लागले. शुद्ध पाणी भरलं, टोकाला अडकलेला बुडबुडा टिचकी मारून काढला, वाकून डोळा पाण्याच्या पातळीशी आणला आणि शून्याला थांबवलं. कोरडा फ्लास्क तोलला. पाणी सोडलं, शेवटचे थेंब एकेक करून, पंचवीसच्या रेघेपर्यंत. पुन्हा तोललं.

"चोवीस पूर्णांक अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं. "काटा बरोबर आहे. लिहा."

सचिवेने लिहिलं. प्रतिनिधी खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. चोल्वे दारात आला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही. त्याने टाय काढून खिशात कोंबला होता.

"आता सतरा," काबास्वे म्हणाले.

बाशी-कोंडेंनी ती स्टँडला लावून देण्यासाठी हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. सिम्पासांनी स्वतः लावली. दुसरा फ्लास्क कोरडा करून काट्यावर ठेवला, काट्याची काचेची दारं बंद केली, आकडा स्थिरावेपर्यंत थांबले.

"रिकामा, ४१.३२."

पाणी शून्यापर्यंत भरलं. नळ उघडला. धार बारीक आणि सरळ पडत होती. दहाची रेघ गेली, मग पंधरा, वीस. चोविसाला त्यांनी नळ आवळला आणि थेंब मोजत सोडू लागले. पंचविसाच्या रेघेवर पाण्याची तळरेघ टेकली तेव्हा त्यांनी नळ बंद केला, गुडघे वाकवून पुन्हा पाहिलं, मग काबास्वेंना बोलावून त्यांनाही दाखवलं.

"पंचवीस," काबास्वे म्हणाले. "बरोबर पंचवीस. ठेवा काट्यावर."

"काही बोलायचंय, डॉक्टर?" मिसेस न्जोव्हूंनी विचारलं.

सिम्पासांनी फ्लास्क काट्यावर ठेवला आणि काचेची दारं लावली. काट्याचा शेवटचा आकडा थोडा वेळ खालीवर झाला आणि थांबला.

"मोठ्याने वाचा," काबास्वे म्हणाले. "सचिवबाईंना ऐकू गेलं पाहिजे."

"६७.९८," सिम्पासांनी वाचलं.

सचिवेने वरच्या आकड्याखाली तो आकडा लिहिला, वजाबाकी केली, एकदा तपासली, आणि कागद सगळ्यांना दिसेल असा फिरवला. २६.६६ ग्राम.